आई जप करत नव्हती: २९ वर्षं न ओळखलेली टेम्पोरल लोब एपिलेप्सी

गोदाकाठ

नमस्कार. लिहीन लिहीन म्हणता बरेच दिवस गेले. परवा नाशिकला सीबीएस बसस्थानकावर बसची वाट बघताना शेजारच्या बाकावर एका मावशींना जे होताना पाहिलं, त्यानंतर मात्र राहवेना. त्यांची मुलगी त्यांना हलवून हलवून विचारत होती, "अगं, लक्ष कुठंय तुझं?" मीही माझ्या आईला असंच हलवलेलं आहे.

आई आता ५१ वर्षांची आहे. आम्ही पंचवटीत राहतो. मला आठवतं तेव्हापासून आई मधूनच गप्प व्हायची. डोळे उघडे, नजर समोर, ओठ बारीक हलताहेत आणि उजव्या हाताची बोटं पदराशी अशी चाललेली, जणू वात वळतेय. मिनिट-दीड मिनिट. मग एक आवंढा, पदरानं नाक पुसायचं आणि "काय म्हणत होतीस?" घरात सगळ्यांनी धरून चाललेलं, की आईचा जप चाललाय. बाबांची आई तर पाहुण्यांना कौतुकानं सांगायची, आमच्या सुनेला कामातसुद्धा नाम सुटत नाही. आई तशी झाली की मी लहानपणी पाय न वाजवता शेजारी जाऊन बसायचे.

सहा वर्षांपूर्वीची थंडीतली सकाळ. आई भाकऱ्या करत होती, मी डबा भरायला ओट्याशी. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि थांबली. ओठ हलायला लागले, उजवा हात पदराशी गेला. डावा हात मात्र कोपरात ताठ झाला, मनगटात वळला आणि तव्याच्या कडेवर टेकला. टेकलेलाच राहिला. चर्र झालेलं मला ऐकू आलं, वास आला, आणि आईच्या चेहऱ्यावर काहीच नाही. मी हात ओढून काढला. तिनं माझ्याकडे पाहिलं ते अनोळखी माणसाकडे बघावं तसं. दोनेक मिनिटांनी तिला हात दुखायला लागला आणि मग ती रडली.

मलमपट्टी करणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "चटका बसला की हात आपोआप मागे येतो. तुमचा का नाही आला?" आई म्हणाली, "मला कळलंच नाही." त्याआधी आम्ही तिला पित्तासाठी, रक्तदाबासाठी, 'टेन्शन'साठी कुठं कुठं दाखवलं होतं. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण आम्ही तरी कुणाला काय सांगितलं होतं? आई जप करते हे कोण डॉक्टरला सांगतं?

त्यांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आईला विचारलं, "हे व्हायच्या आधी काही कळतं का?" आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, पोटातून गोळा उठतो, छातीपर्यंत चढतो, जीव घाबरा होतो, आणि वाटतं की ही जागा, ही माणसं, हे बोलणं, सगळं आधी एकदा होऊन गेलंय. कधीपासून? सोळाव्या वर्षापासून. तिनं तेव्हा निफाडच्या आजीला, म्हणजे तिच्या आईला, सांगितलं होतं. आजी म्हणाली होती, "कुणाजवळ बोलू नकोस, स्थळं येणार नाहीत." आई बोलली नाही. बाबांजवळ नाही, माझ्याजवळ नाही. २९ वर्षं.

त्याच संध्याकाळी आजीला फोन लावला. लहानपणी काही झालं होतं का, डोक्याला मार, मेंदूज्वर, तापातली आकडी, असं डॉक्टरांनी विचारायला सांगितलं होतं. आजी म्हणाली, दोन वर्षांची असताना तापात आकडी आली होती, आणि गाडीबैल जुंपून दवाखाना गाठेस्तोवर थांबली नव्हती.

डॉक्टरांनी अजून एक काम दिलं, व्हिडिओ. मी मोबाइल फळीवर डब्याला टेकवून ठेवायला लागले. अकराव्या दिवशी सापडला, एक मिनिट वीस सेकंदांचा. डॉक्टरांनी तो तीनदा पाहिला आणि बोट ठेवून दाखवलं: "बघा, चाळा उजव्या हाताचा आहे, डावा हात ताठ होऊन वळलाय. आणि संपल्यावर नाक पुसलं तेही उजव्या हातानं. सुरुवात बहुतेक मेंदूच्या उजव्या बाजूला आहे." मी आयुष्यभर जे बघत आले होते, त्यातच सगळं लिहिलेलं होतं.

म्हणून हा धागा. आईला टेम्पोरल लोब एपिलेप्सी निघाली, म्हणजे मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या फिटांचा आजार. ज्याला हा आजार असतो त्याला भान गेल्यावरचं काही आठवत नाही. डॉक्टरसमोर झटका येईलच असं नाही. बघणारे आपणच असतो. तुमच्या घरात कुणी असं 'हरवत' असेल तर कृपया लिहा.

द्राक्षबाग

ताई, तुमचं वाचून हातातलं काम ठेवून दिलं. आम्ही पिंपळगाव बसवंतचे. धाकटा भाऊ, वय २६. दोन वर्षं झाली, मधूनच "काहीतरी जळल्याचा वास येतोय" म्हणतो. आम्ही कुणाला वास येत नाही. मग तोंड चघळल्यासारखं करतो, शर्टाची बटणं चाचपतो. हाक मारली तर 'हं' म्हणतो, पण पुढं उत्तर नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर रात्री-बेरात्री फवारणी, झोप नाही, तेव्हा जास्त होतं. मागच्या महिन्यात ट्रॅक्टरच्या फवारणी ब्लोअरवर असताना झालं. ट्रॅक्टर सरळ ओळीतून जात राहिला आणि शेवटच्या खांबाला धडकला. डोळे उघडे होते त्याचे! चक्कर आली असती तर कोसळला असता ना?

एकदा ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख) काढला, 'नॉर्मल' आला. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा. घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे. फीट म्हणजे माणूस पडतो, तोंडाला फेस येतो, हेच आम्हाला माहीत. हा तर पडत नाही.

मज्जातंतू

मी डॉक्टर आहे, मेंदूविकार विभागात काम करतो. इथं लिहितो ती सर्वसाधारण माहिती समजा, तपासल्याशिवाय निदान होत नाही. पण द्राक्षबाग, आधी एक काम आजच करा. निदान होईपर्यंत भावाला ट्रॅक्टर, मोटारसायकल बंद. आणि शेततळ्याकडे एकट्यानं जायचं नाही. त्या प्लास्टिकच्या कागदावरून शुद्धीतल्या माणसालाही वर येता येत नाही.

आता वासाबद्दल. टेम्पोरल लोब म्हणजे कानशिलाच्या आतल्या बाजूचा मेंदूचा भाग. त्याच्या पोटाशी हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला असतात. आठवण, भीती, वास, पोटातल्या संवेदना यांचं काम त्या परिसरात चालतं. तिथं विजेची गडबड सुरू झाली की त्याच गोष्टी उगाच जाग्या होतात: नसलेला वास, कारण नसताना भीती, पोटातून चढणारा गोळा, 'हे आधी घडलंय' ही खात्री. याला ऑरा म्हणतात. लोक ती झटक्याची पूर्वसूचना समजतात, पण ऑरा हाच छोटा झटका असतो. गडबड तिथंच विझली तर माणूस पूर्ण शुद्धीत राहतो. पसरली तर भान जातं. मग टक लावणं, ओठ चाटणं, चघळणं, कपडे चाचपणं, कधी चालत राहणं. साधारण अर्ध्या ते दोन मिनिटांत संपतं आणि त्यानंतर काही मिनिटं गोंधळ राहतो. आणखी पसरली तर तुम्हाला माहीत असलेली हातपाय झाडणारी मोठी फीट येते. काही रुग्णांना ती वर्षानुवर्षं येतच नाही आणि म्हणून निदान लांबतं.

आणि 'नॉर्मल ईईजी' म्हणजे एपिलेप्सी नाही, असा अर्थ काढू नका. साधा ईईजी वीस-तीस मिनिटांचा असतो. झटके महिन्यातून चार. त्या अर्ध्या तासात मेंदू शांत असू शकतो. रात्री जागवून, मग झोपेत काढलेला ईईजी जास्त सांगतो, आणि एकात सापडलं नाही तर पुन्हा काढतात. एमआरआयचंही तसंच. कागदावर 'एपिलेप्सी प्रोटोकॉल' असं लिहून मागावा लागतो. हिप्पोकॅम्पसच्या लांबीला आडवे, पातळ काप घेतले तर तो आक्रसलेला, पांढुरका दिसतो. जाड कापांच्या साध्या स्कॅनमध्ये हे निसटतं.

गोदाकाठताई, तुमच्या आईंची तापातली लांबलेली आकडी ही या आजाराच्या गोष्टीत वारंवार भेटते. इथल्या पालकांनी मात्र घाबरू नये. तापात आकडी येणाऱ्या बहुतेक मुलांना पुढे काहीही होत नाही.

गोदाकाठ

अगदी असंच. आईचा पहिला एमआरआय 'नॉर्मल' होता. दुसरा ३ टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या मशीनवर, डॉक्टरांनी स्वतः काय बघायचं ते लिहून दिल्यावर काढला. त्यात उजवा हिप्पोकॅम्पस लहान झालेला दिसला. आम्ही पहिली फिल्म कपाटात जपून ठेवली होती, 'काही नाही' याचा पुरावा म्हणून.

द्राक्षबाग दादा, व्हिडिओ काढाच. आणि एक वही करा. तारीख, वेळ, किती सेकंद (घड्याळात बघून, अंदाजानं नाही, कारण घाबरलं की मिनिटाची दहा मिनिटं वाटतात), आधी काय म्हणाला, कोणता हात हलत होता, कोणता ताठ होता, मान कुठं वळली, बोलता येत होतं का, भानावर यायला किती वेळ लागला, आदल्या रात्री झोप किती झाली. आईच्या वहीत तिसऱ्या महिन्यात दिसलं की पाळीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत झटके दाट येताहेत. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

कॉलेजरोड

मी पहिल्यांदाच लिहितेय. वय २२. मलाच आहे हा आजार.

मला भीती येते. 'भीती वाटते' म्हणत नाही मी, कारण ती कशाची नसते. लेक्चर चालू असतं, खिडकीतून ऊन येत असतं, आणि अचानक कुणीतरी पोटात बर्फ ओतावा तशी. त्याच क्षणी समोरच्या मॅडम पुढचं वाक्य काय बोलणार ते मला माहीत आहे, असं वाटतं. प्रत्यक्षात माहीत नसतं, पण खात्री मात्र शंभर टक्के. मग एक तुकडा गायब. नंतर मी वहीत बघते तर ओळ अर्धीच आणि पुढं नुसत्या रेघोट्या.

दीड वर्ष मला अँग्झायटीच्या गोळ्या होत्या. समुपदेशन झालं, श्वासाचे व्यायाम झाले. मी मनापासून सगळं करत होते आणि तरी ते येत होतं, तेव्हा मला वाटायला लागलं की माझीच इच्छाशक्ती कमी आहे. शेवटी मैत्रिणीनं सांगितलं, "तू त्या वेळी ओठ चाटतेस आणि मी नाव घेतलं तर कळत नाही तुला." ते एक वाक्य डॉक्टरांना सांगितलं आणि तपासण्या सुरू झाल्या. आता लॅमोट्रिजीन या फिटांच्या गोळीवर सात महिने एकही नाही.

मज्जातंतू

कॉलेजरोड, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. पॅनिक अटॅक आणि हे यांत गल्लत नेहमी होते. ढोबळ फरक असा: पॅनिक चढायला आणि उतरायला वेळ घेतं, दहा-वीस मिनिटंही चालतं आणि माणसाला सगळं आठवतं. टेम्पोरलचा झटका काही सेकंद ते दोन मिनिटं, दर वेळी हुबेहूब तसाच, आणि मध्ये आठवणीला भोक पडलेलं. शिवाय या आजारात खरी चिंता आणि नैराश्यही बऱ्याच जणांना असतं. त्यावरही उपचार हवेत. एक आहे म्हणून दुसरं नाही, असं नसतं.

चौथीच्या बाई

सातपूरला शाळेत शिकवते. माझ्या वर्गात एक मुलगी दिवसातून आठ-दहा वेळा थांबते. पाढे म्हणताना मध्येच 'सात सक...' आणि गप्प, पापण्या फडफडतात, पाच-सात सेकंदांत पुढचं 'बेचाळीस' म्हणते. हे तेच का? पालक म्हणतात लक्ष नसतं तिचं.

मज्जातंतू

बाई, तुम्ही फार नेमकं पाहिलंय. हे बहुधा वेगळं असावं, ॲबसन्स प्रकारचं. तो झटका पाच-दहा सेकंदांचा, दिवसातून अनेकदा येणारा, आधी काही सूचना नाही, नंतर गोंधळ नाही, दिवा बंद करून लावावा तसा. आम्ही दवाखान्यात मुलांना भिरभिरं फुंकायला देतो. जोरजोरात श्वास सोडताना तो झटका समोरच येतो आणि ईईजीवर लगेच दिसतो. हा फरक महत्त्वाचा, कारण औषधं वेगळी आहेत. टेम्पोरलला चालणारं कार्बामाझेपिन ॲबसन्समध्ये झटके वाढवू शकतं. म्हणून 'शेजारच्याला या गोळीनं गुण आला' यावर कधीही गोळी सुरू करू नका. पालकांना चिठ्ठी लिहा, त्यात हे पाढ्याचं जसंच्या तसं लिहा.

देवळाली कॅम्प

सगळं वाचलं. पण आमच्या घरात माझ्या चुलतीला असंच व्हायचं आणि देवीचं केल्यावर वर्षभर थांबलं होतं. श्रद्धेनंही गुण येतो, हे नाकारू नये.

गोदाकाठ

नाकारत नाही काका. आम्ही दर वर्षी वणीला जातो, पायऱ्या चढून. निदान झाल्यावर आईनं पहिली ओटी गडावरच भरली. पण या आजाराचे झटके आपले आपण कमी-जास्त होतात, महिनोन्‌महिने थांबतात आणि परत येतात. तुमच्या चुलतींना आता काही नसेल तर आनंदच आहे. परत सुरू झालं तर दाखवायला मात्र उशीर करू नका. आणि नवरात्राचं एक सांगते. आईच्या ओळखीच्या एका काकूंनी नऊ दिवस कडक उपास धरला आणि गोळ्याही बंद ठेवल्या, पोटात काही नको म्हणून. पाचव्या माळेला त्यांना मोठ्या फिटा लागोपाठ आल्या, आयसीयूत ठेवावं लागलं. गोळीनं उपास मोडत नाही. आमच्या घरी आता देवीपुढे दिवा लावायच्या आधी आईची गोळी होते.

सिडकोकर

माहितीपूर्ण धागा. एक शंका: कोबीतला किडा मेंदूत जातो आणि फीट येते, हे खरं का? आमच्याकडे कोबी बंद आहे.

मज्जातंतू

अर्धं खरं. पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर त्यांच्या गाठी मेंदूत होऊ शकतात आणि आपल्या देशात फिटांचं ते एक मोठं कारण आहे. पण अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून, सांडपाण्यावर पिकवलेल्या किंवा न धुतलेल्या कोणत्याही कच्च्या भाजीवरून, किंवा जंत असलेल्या माणसाच्या हातून. म्हणून शाकाहारी घरातही होतं. कोबी खा, नीट धुवा, शिजवा. कोथिंबीरही तितकीच धुवा. गाठीची फीट आणि हिप्पोकॅम्पसची फीट यांचे उपचार वेगळे, ते स्कॅनवर ठरतं.

द्राक्षबाग

व्हिडिओ मिळाला! भाऊ दोन दिवस रागावला होता माझ्यावर, पण त्यानं स्वतः बघितला आणि गप्प झाला. "मी असा दिसतो?" म्हणाला. ईईजी पुन्हा झाला, रात्रभर जागवून, त्यात डाव्या टेम्पोरलला दोष दिसला. गोळी सुरू केली आहे.

आता ताई, एक विचारतो. आईंचं गोळ्यांनी थांबलं का? आयुष्यभर गोळ्या का? तुम्ही पुढचं लिहिलं नाहीत.

गोदाकाठ

मुद्दामच थांबले होते, कारण पुढचं ऐकून लोक घाबरतात. पण तुम्ही विचारलंत, लिहिते.

आईला पहिली गोळी ऑक्सकार्बाझेपिन. हळूहळू पूर्ण डोसपर्यंत नेली. झटके निम्मे झाले, थांबले नाहीत. वर्षभरानं सोबत लेव्हेटिरासिटाम दिलं. आई चिडचिडी झाली, भांडी आपटायची, जे तिच्या स्वभावातच नाही. डॉक्टर म्हणाले, हा औषधाचा परिणाम असतो, बोललात ते बरं झालं. डोस बदलला, चिडचिड निवळली, पण महिन्याला तीन-चार झटके चालूच. मी म्हटलं, तिसरी गोळी बघूया. तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की दोन योग्य औषधं पूर्ण डोसमध्ये हरली, तर तिसऱ्यानं पूर्ण थांबण्याची शक्यता फार थोडी असते. आता शस्त्रक्रिया करता येईल का ते तपासून घ्या.

मेंदूचं ऑपरेशन. मी त्या दिवशी घरी आले ती द्वारकेच्या सिग्नलला गाडी बंद पाडून उभी राहिले, मागचे हॉर्न ऐकूच आले नाहीत. बाबा म्हणाले, तीस वर्षं निघाली, उरलेलीही निघतील. आईनंच ठरवलं. म्हणाली, "मला नातवंडाला एकटीनं आंघोळ घालायचीय." मला तेव्हा पाचवा महिना होता.

आम्ही त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत गेलो. तिथं टेम्पोरल लोबची शस्त्रक्रिया १९९५ पासून होते. मुंबईतही होते, केईएमला. आमची ओळख निघाली म्हणून तिकडे. नाशिक रोडहून मंगला एक्सप्रेसनं एर्नाकुलम आणि तिथून पुढं. डोक्यावर तारा चिकटवून, समोर कॅमेरा ठेवून आईला काही दिवस खोलीत ठेवलं आणि गोळ्या कमी केल्या, झटका यावा म्हणून. आयुष्यभर झटका येऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवलेले आम्ही, तिथं बसून तो यायची वाट बघत होतो. चार आले. चारही उजवीकडूनच सुरू झाले. आठवणीच्या, शब्दांच्या, चित्रांच्या चाचण्या झाल्या. मग ऑपरेशन. उजव्या टेम्पोरल लोबचा पुढचा भाग, हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला काढला.

तीन वर्षं झाली. एकही झटका नाही. जे गेलं तेही लिहिते. तिला डावीकडे वरच्या कोपऱ्यात थोडं कमी दिसतं, जिन्यावरचा दिवा पटकन दिसत नाही. पहिले काही महिने ती विनाकारण उदास असायची, आणि त्यासाठीही उपचार घ्यावे लागले. गोळ्या लगेच बंद झाल्या नाहीत, दोन वर्षांनंतर एकेक कमी करताहेत. आणि हो, माझ्या मुलीला ती रोज आंघोळ घालते.

मज्जातंतू

ताईंनी लिहिलंय त्याला आकड्यांची जोड देतो. २००० साली ग्लासगोमधला अभ्यास आला. आधी कधी औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्के पहिल्या औषधानं झटकामुक्त झाले, दुसऱ्यानं आणखी १३ टक्के आणि त्यापुढच्या सगळ्या प्रयत्नांनी मिळून ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बहुतेकांचं गोळ्यांवरच भागतं, हे आधी लक्षात घ्या. २००१ साली कॅनडात टेम्पोरल लोबच्या ८० रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली, निम्म्यांना शस्त्रक्रिया, निम्म्यांना औषधं. वर्षाअखेर भान घालवणाऱ्या झटक्यांपासून मुक्त झालेले शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के, औषधांच्या गटात ८ टक्के. एवढा फरक असूनही लोक आमच्याकडे पंधरा-वीस वर्षांनी येतात. तोवर नोकरी गेलेली असते, लग्न मोडलेलं असतं, रात्रीच्या मोठ्या फिटेत अचानक जीव जाण्याचा धोकाही अंगावर वागवलेला असतो.

एवढ्या चाचण्या कशासाठी, तेही सांगतो. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणाचे दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस काढले. फिटा कमी झाल्या, पण २००८ साली मरेपर्यंत त्याला नवीन आठवण अशी साठवता आली नाही. म्हणून आज एकाच बाजूचं काढतात, आणि उरलेली बाजू आठवण पेलेल का ते आधी तपासतात. द्राक्षबाग, तुमच्या भावाचा दोष डावीकडे आहे. बहुतेकांची भाषा डावीकडे असते, त्यामुळे वेळ आलीच तर त्यांच्या चाचण्या आणखी बारकाईनं होतील. पण तुम्ही अजून पहिल्या गोळीवर आहात. आधी तिला नीट वेळ द्या.

ओझरची

बहिणीचं लग्न ठरतंय. ती फिटांसाठी व्हॅल्प्रोएट गोळीवर आहे. आई म्हणते आत्ता सांगायचं नाही, कायद्यानं लग्न मोडतं. काय करू?

मज्जातंतू

कायद्याचं आधी. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्माराचा उल्लेख लग्नाच्या अटींत होता, तो १९९९ साली काढून टाकला. पण लपवू नका. लपवलेली गोळी चोरून घ्यावी लागते आणि चोरून घेतलेली गोळी चुकतेच.

दुसरं जास्त तातडीचं. व्हॅल्प्रोएटमुळे गर्भात व्यंग आणि मुलाच्या बौद्धिक वाढीत कमतरता येण्याचा धोका असतो. मूल व्हायच्या वयातल्या मुलींना शक्यतो ते देत नाहीत. लग्नाआधीच तिच्या डॉक्टरांना भेटून औषध बदलता येईल का ते विचारा, फॉलिक ॲसिडबद्दल विचारा. मनानं बंद मात्र अजिबात करू नका. एकदम बंद केल्यानं येणारी फीट जास्त घातक.

गोदाकाठ

ओझरची, तुझ्या आईला माझ्या निफाडच्या आजीची गोष्ट वाचून दाखव. आजी अजून आहे. तापातली आकडी सांगितली त्या रात्री ती फोनवर म्हणाली, "मीच तिचं तोंड बांधलं गं." ते ऐकवत नाही.

कॉलेजरोड

झटक्यात आजूबाजूच्यांनी काय करावं हेही कुणी लिहा ना. मला एकदा चौघांनी धरून ठेवलं होतं. अंगावर वळ उठले.

गोदाकाठ

आम्ही शिकलो ते असं. घड्याळ बघायचं. धरायचं नाही, दाबायचं नाही. चालत असेल तर सोबत चालायचं आणि जिना, गॅस, रस्ता यांच्या बाजूनं आपण उभं राहायचं. हातातलं गरम, धारदार हळूच काढून घ्यायचं. शांत आवाजात नाव घेत राहायचं. पडून हातपाय झाडायला लागलं तर डोक्याखाली काहीतरी मऊ आणि झटके थांबताच कुशीवर. तोंडात काही घालायचं नाही, चमचा नाही, पाणी नाही. कांदा, चप्पल, किल्ल्या, काही नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली तर सरळ दवाखाना. आमच्याकडे फीट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलाम औषधाचा फवारा डॉक्टरांनी लिहून दिला होता, देवघराच्या फळीवर असायचा. भानावर आल्यावर प्रश्नांची सरबत्ती नको. "काही नाही, मी आहे इथं" एवढंच.

द्राक्षबाग

ताई, परवा भावाचा परत ईईजी आहे, शहरातच. जागवायचं आहे ते माहीत आहे. अजून काही तयारी?

गोदाकाठ

आदल्या दिवशी शाम्पूनं डोकं धुवायचं आणि तेल अजिबात नाही, तारा चिकटत नाहीत. सकाळी नाश्ता करून न्या, उपाशी नको. गोळी नेहमीप्रमाणे, डॉक्टरांनी थांबवली असेल तरच थांबवा. खर्चाचं असेल तर सरकारी योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, ते तिथंच खिडकीवर असतात. रात्री त्याच्यासोबत तुम्हीही जागा, एकट्याला जागणं जमत नाही, डुलकी लागते. आणि गाडी तुम्ही चालवा. वही घेऊन जा.